कळक फुलण्याचं वर्ष

सह्यकडा विद्यापीठाची वनस्पती प्रयोगशाळा घाटमाथ्याच्या अगदी कडेला होती. पश्चिमेच्या खिडकीतून ढग आत यायचे, टेबलावरचे कागद दमट करायचे आणि समोरच्या दारातून निघून जायचे. ढगांची ही ये-जा चालू असतानाच त्या खोलीत हेमांगी गावसची संशोधनवृत्तीसाठी मुलाखत चालली होती. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

"प्रश्न उत्तम आहे," कुलगुरू मिरजकर म्हणाले. "कळकाचा बांबू पंचेचाळीस वर्षांतून एकदाच फुलतो आणि फुलला की वाळतो. तो ही वर्षं कशी मोजतो? ठीक. पण आपली वृत्ती पाच वर्षांची. पाच वर्षांत तुम्ही बघणार काय, बांबूला फांद्या फुटताना?"

"म्हणूनच मी मंदवृत्तीसाठी अर्ज केलाय, सर."

मिरजकरांनी शेजारी बसलेल्या डॉ. कालिंदी परुळेकरांकडे पाहिलं. मंदवृत्ती ही कालिंदीबाईंची कल्पना. बाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, बोलताना हातातलं पेन्सिलीचं टोक हवेत फिरवायच्या.

"कळकाच्या प्रत्येक पेशीत एक वर्षगणक असतो," त्या म्हणाल्या. "एकाच बियाण्याची दोन रोपं घ्या. एक इथे लावा, एक हजार मैलांवर. दोन्ही एकाच वर्षी फुलतात. पाऊस वेगळा, माती वेगळी, वर्ष मात्र एकच. तसाच गणक आपल्याही पेशींत सापडलाय. त्यामुळेच कोवळ्या कोंबांचा मंदरस माणसाला लागू पडतो."

"आणि तो रस घेतला की?"

"मंदनिद्रा. अकरा महिने झोपलं तर शरीर पंधरा दिवसांपुरतं झिजतं. हेमांगी वर्षातून एक महिना जागी होईल, निरीक्षणं घेईल आणि पुन्हा झोपेल. वृत्ती जागृत महिन्यांचीच मोजायची. पाच वर्षांचे महिने साठ, म्हणजे साठ वर्षं पुरतील."

"आणि झोपेतल्या अकरा महिन्यांचं काय द्यायचं?"

"काहीच नाही. झोपलेला विद्यार्थी जेवत नाही, वसतिगृहाची तक्रार करत नाही आणि मोर्चाही काढत नाही."

मिरजकर हसले. मग त्यांनी आराखड्यावर बोट ठेवलं. "हे काय? एक बेट डोंगरावर आणि एक झोपण्याच्या दालनात?"

"दोन्ही एकाच मुठीतल्या बियाण्याची. आतल्या बेटालाही मंदरस द्यायचा. तुलनेला काहीतरी हवंच ना, सर."

ते सगळ्यांनाच पटलं. वृत्ती मंजूर झाली.

हेमांगी बाईंबरोबर बाहेर पडली. पायऱ्यांवर तिनं विचारलं, "बाई, खरं सांगा. माझं आयुष्य यात जाणार नाही ना?"

"जाईल कुठे? शरीर झिजलं नाही की आयुष्य जागच्या जागी. पदवी घेशील तेव्हा तिशीतली असशील. तुझ्यापुढे सगळं असेल, वर एक असा शोध, जो जागेपणी कुणाला लावताच आला नसता. मला वयाच्या अटीत बसता आलं असतं तर मीच झोपले असते."

हेमांगीला पुष्कळ हवं होतं. गावी ओढ्याकाठी घर, दोन मुलं, शाळेतल्या पोरांना झाडं शिकवणं, पोहायला शिकणं. त्या सगळ्यापुढे तिनं एक शब्द लिहिला: पदवीनंतर.

तिची आई दोडामार्गाकडची. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अकरा महिने नुसता निजाचा? आणि वर शिष्यवृत्ती? गो, माझा पण नाव घाल थंय."

* * *

मंदशाळेत उजेड नेहमी संध्याकाळचा असे. काचेच्या छतावर निळसर पडदे, गारवा, आणि भिंतीला लागून शय्यांची रांग. हेमांगीच्या शय्येपासून चार पावलांवर कळकाचं आतलं बेट होतं, जेमतेम वीतभर.

झोपेत एकच स्वप्न पडे. आई मागे बसून तिचे केस विंचरते आहे. फणी कपाळापाशी टेकते आणि अतिशय सावकाश खाली येऊ लागते. बाहेर भात पेरलं जायचं, पोसवायचं, कापलं जायचं, आणि फणी मानेपर्यंत आलेली असायची. आई काहीतरी बोलायची, पण एका शब्दाला महिना लागायचा. त्यामुळे हेमांगी त्या बोलण्याचा अर्थ लावत नसे. एखाद्या लांबच्या घंटेसारखा तो आवाज नुसता ऐकत राही.

माघात डोळे उघडत. समोर कालिंदीबाई आणि त्यांच्या हातात मऊ पेजेची वाटी.

"बाई, काल तुम्हाला चष्मा नव्हता."

"काल नाही गो, गेल्या वर्षी. ऊठ, पेज पी."

महिनाभर ती डोंगरावर चढे. कांड्या मोजी, पानं वाळवी, पेशी तपासी. बाहेरचं बेट भराभर वाढत होतं, माणसाएवढं झालं, छपराएवढं झालं, मग वर बघायला मान वाकडी करावी लागू लागली. आतलं बेट गुडघ्याशी आलं. पेशीतला गणक कुठे बसलाय ते सापडलं होतं, पण तो काय मोजतो ते सापडत नव्हतं. पेशी किती वेळा दुभंगली, ते? थंडीचे दिवस? वाढलेली उंची? उत्तर फुलाबरोबरच येणार होतं.

हेमांगीला वाटे, ती जागीच आहे आणि बाकीचे लोक घाईत आहेत. तिच्या हिशेबानं सहा महिन्यांपूर्वी जिचं लग्न ठरलं होतं, ती प्रयोगशाळेतली मैत्रीण आज मुलीला शाळेत सोडून येई. दोन महिन्यांनी त्या मुलीला चष्मा लागलेला असे. बाईंचे केस पाच-सहा महिन्यांत पांढरे झाले, दीड वर्षात हातात काठी आली. पंचेचाळीस वर्षांत हेमांगीनं श्रावण पाहिला नाही, दिवाळीचा आकाशकंदील पाहिला नाही. माघाचं कोवळं ऊन मात्र तिच्याएवढं कुणीच पाहिलं नसेल.

एकोणिसाव्या माघात पेजेची वाटी देण्याआधी बाई शय्येच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं. आई ज्येष्ठात गेली होती. एकोणऐंशीव्या वर्षी, हातात सुपली घेऊन ओटीवर बसल्या बसल्या.

"मला उठवलं का नाही?"

"नियम आहे, हेमांगी. मध्येच उठवलं तर शरीर बिथरतं."

"तुम्ही गेलात?"

"गेले. तुझ्या नावानं पाणी दिलं."

त्या वर्षी झोपताना हेमांगीला भीती वाटली की आता ते स्वप्न पडणार नाही. पण फणी होती तिथेच होती, खांद्याच्या जरा खाली, आणि सावकाश उतरत होती.

मंदशाळा हळूहळू भरत गेली. जगात मंद प्रश्न पुष्कळ होते. पाच वर्षांच्या वृत्तीत ते कुणी विचारलेच नव्हते, इतकंच. यशोधन कित्तूर नावाचा उंच, हडकुळा मुलगा आला. पठारावर पडलेलं पाणी खडकातून झिरपत पायथ्याच्या झऱ्याला कधी पोचतं, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं पाण्यात खुणेचं द्रव्य सोडलं आणि येऊन झोपला. एकीला कासवाचं पूर्ण आयुष्य पाहायचं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी हेमांगी धरून बाराजण होते आणि येत्या आषाढात आणखी तीसजण झोपणार होते. मंदवृत्तीसाठी दूरदूरच्या देशांतून अर्ज येत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे: तुमचा प्रश्न मोठा असू द्या, तुमची वर्षं आम्ही सांभाळतो.

* * *

त्या वर्षी डोळे उघडले तेव्हा हवेत फणसाचा वास होता.

हेमांगी तशीच पडून राहिली. पिकल्या फणसाचा वास तिला पंचेचाळीस वर्षांनी येत होता. मग तिच्या लक्षात आलं, माघात फणस नसतो.

"वैशाख आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. त्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या, खुर्चीतून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. "मी मध्येच उठवलं तुला. सावकाश बस."

"फुललाय?"

"फुललाय."

खिडकीतून अख्खा डोंगर दिसत होता. कळकाची पानं झडून गेली होती आणि प्रत्येक काठीवर, टोकापासून बुंध्यापर्यंत, भाताच्या लोंब्यांसारखे फुलांचे झुबके लोंबत होते. वारा आला की सगळा डोंगर पिवळट धुरासारखा हलायचा. गावातल्या बायका टोपल्या घेऊन बी गोळा करायला आल्या होत्या. कळक फुलला की उंदीर माजतात आणि दुष्काळ येतो, असं त्यांच्या सासवा सांगत. म्हणून त्या उंदरांच्या आधी पोचल्या होत्या.

हेमांगी रडली, हसली, बाईंच्या गळ्यात पडली. "बाई, झालं! आता प्रबंध दोन महिन्यांत लिहिते. बघाच तुम्ही."

बाईंनी तिचा हात धरला. "इकडे ये."

चार पावलंच जायचं होतं. आतलं बेट कमरेएवढं होतं. काठ्या बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, पंचेचाळीस वर्षांत कुठे ओरखडासुद्धा नाही. आणि प्रत्येक काठीवर फुलांचे झुबके होते.

हेमांगी एकेक काठी पाहत गेली. पहिल्यांदा तिला आनंदच झाला, कारण उत्तर स्वच्छ होतं.

"म्हणजे तो पेशींचं दुभंगणं मोजत नाही," ती म्हणाली. "इथे त्या दुभंगल्याच नाहीत फारशा. थंडी मोजत नाही, इथे ऋतूच नाही. उंची तर नाहीच. तो वर्षंच मोजतो. शरीर चालो की थांबो, तो मोजत राहतो. बाई, गणक झोपत नाही!"

"नाही झोपत."

"म्हणजे मंदरस झीज थांबवतो, पण गणकाला..."

तिथे ती थांबली. बाईंनी पुढे काही सांगायची गरज नव्हती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, ढगांच्या खोलीत, त्यांनीच सांगितलं होतं की माणसाच्या पेशीत तोच गणक आहे. आणि गणक भरला की कळक वाळतो.

"माझं वय काय, बाई?"

"सत्तर."

हेमांगीनं खिडकीच्या काचेत आपला चेहरा पाहिला. एकतिशीचा. "माझी आजी ऐंशीव्या वर्षी गेली. आई एकोणऐंशीव्या. आमच्याकडे सगळ्याच बायका तिथेच कुठेतरी... म्हणजे दहा वर्षं."

"दहा. फार तर अकरा."

"म्हातारी होऊन?"

बाईंनी आतल्या बेटाकडे पाहिलं. "ते बघ ना. हिरवं आहे. तू शेवटच्या दिवसापर्यंत अशीच दिसशील."

"तुम्ही म्हणाला होतात आयुष्य जागच्या जागी राहील."

"म्हणाले होते."

"तुम्ही जगलात, बाई. सत्तर श्रावण, ऐंशी श्रावण, सगळे. मी झोपले."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मला वाटलं होतं मी तुला वर्षं देतेय. चार दिवसांपूर्वी सकाळी या आतल्या बेटावर पहिली कळी दिसली, तेव्हापासून मी इथे बसलेय. ही कळी नव्हे, बुरशी असेल, असं म्हणत बसले. दोन दिवस तेच म्हटलं. ते दोन दिवससुद्धा तुझेच गेले. चूक झाली, एवढंच म्हणता येतं मला, आणि ते पुरत नाही."

दूरवर बायका एकमेकींना हाका मारत होत्या. हेमांगीनं रांगेतल्या अकरा शय्यांकडे पाहिलं.

"यांना कधी उठवायचं?"

"तुलाच विचारणार होते."

"मग उशीर कशाला? मी सत्तरीची. हा कित्तूर तर पन्नासच्या आतबाहेरचा असेल. ती कासवाची पोर पस्तिशीतली. त्यांची वर्षं रोज जातायत."

* * *

कुलगुरूंच्या खुर्चीत आता निनाद साबळे होते. ते पन्नाशीचे होते. लहानपणी शाळेच्या सहलीत त्यांनी काचेआडून झोपलेली हेमांगी पाहिली होती.

त्यांनी अहवाल दोनदा वाचला. "अभिनंदन, गावस. फार मोठं काम आहे. पण निष्कर्ष एका बेटावरून? समिती विचारणारच. पुनरावृत्ती हवी. बांबूवरून एकदम माणसावर जाणं तर..."

"गणक एकच आहे, सर. म्हणून तर रस चालतो. हे तुमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे."

"मान्य. तरी दुसरी फेरी व्हायला हवी. मी निधी आत्ताच मंजूर करतो, याच बैठकीत. तोवर तुमची पदवी राखून ठेवू आणि मंदशाळा चालू राहू दे. तीस मुलं आषाढात यायचीत, त्यांच्या घरी पत्रं गेलीत."

"दुसरी फेरी पंचेचाळीस वर्षांची आहे."

"तुम्ही तर अजून तरुण आहात," साबळे सहज बोलून गेले.

कालिंदीबाईंनी काठी जमिनीवर टेकली. "साबळे, हिच्या चेहऱ्याकडे बघू नका, जन्मतारखेकडे बघा. ही तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. आणि मंदशाळा चालू ठेवायचा प्रश्न नाही. सकाळपासून मंदरसाच्या नळ्या बंद आहेत."

"कोणाच्या परवानगीनं?"

"उठवायचा अधिकार मार्गदर्शकाचा. हिला धरून दहाजण माझे आहेत. उरलेल्या दोघांच्या मार्गदर्शकांशी मी फोनवर बोलले. दोघंही हो म्हणाले."

साबळे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अर्ध्या डोंगरानं मान टाकली होती. "त्या तिसांना काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते लिहा. मग ज्याला यायचं तो येईल."

अकराजण उठायला दोन दिवस लागले. निळे पडदे काढल्यावर दालन इतकं लहान निघालं की हेमांगीला ओळखू येईना. प्रत्येकाला पेजेची वाटी तीच देत होती आणि तीच सांगत होती. सांगून झालं की प्रत्येकजण आधी बोटांवर काहीतरी मोजत असे. कासवाच्या मुलीनं घरी फोन लावला आणि नुसती ऐकत राहिली. एकानं बाईंशी बोलायचं नाकारलं. बाई त्याच्या शय्येपाशी तरीही बसून राहिल्या.

कित्तूरनं मात्र पेज संपवून वाटी परत केली आणि म्हणाला, "माझे वडील चौऱ्याऐंशीपर्यंत होते. म्हणजे माझी पस्तीसेक उरली. पाणी झऱ्याला यायला अजून सत्तावीस तरी लागतील. मला परत झोपवा."

"अरे, कळलं का तुला मी काय सांगितलं?"

"कळलं की. पाणी आल्यावर आठ वर्षं उरतात. पुष्कळ झाली."

"जागा राहूनही पाणी बघता येईल, वेड्या."

"सत्तावीस वर्षं झऱ्याकाठी जागा बसलो तर मी म्हातारा होईन आणि दुसऱ्याच कशात तरी गुंतेन. मला मी माहीत आहे, ताई. इतके दिवस मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंत, मी हो म्हणतोय."

हेमांगी त्याला समजावत संध्याकाळपर्यंत बसली. मग तिनं स्वतःच एक पडदा परत लावला, फक्त त्याच्या शय्येपुरता.

* * *

ज्येष्ठ लागता लागता डोंगर राखाडी झाला होता. हेमांगी पुन्हा कुलगुरूंच्या खोलीत आली. तिच्याबरोबर एक पिशवीभर बी होतं आणि संशोधनवृत्तीचा अर्ज होता.

"तुमची दुसरी फेरी," ती म्हणाली. "बरोबर होतात तुम्ही, एका बेटावर विसंबू नये. एक बेट बाहेर, तीन आत. कळकाला झोपवा, माणसाला नको."

साबळेंनी अर्ज उघडला. "इथे नऊ जागा मागितल्यात."

"एकानंतर एक. पाच वर्षांची साधी वृत्ती, नऊ वेळा. पहिल्यानं दुसऱ्याला सगळं शिकवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नवव्याच्या हातात कळक फुलेल."

"मधलाच कुणी सोडून गेला तर?"

"पुढचा थोडा आधी येईल. त्यासाठीच दोघं काही महिने बरोबर काम करतील. एकट्या झोपलेल्या माणसाच्या जागी कुणाला पाठवता येत नव्हतं. इथे येतं."

"पण प्रबंध एकच होणार. पदवी कुणाला द्यायची?"

"नवव्याला. उरलेल्यांची नावं आतल्या पानावर."

साबळे हसले, मग गंभीर झाले. "नियमात हे कुठेच बसत नाही."

"मंदवृत्तीही बसत नव्हती. बाईंनी बसवली."

त्यांनी अर्जाचं शेवटचं पान उलटलं. पहिल्या संशोधकाच्या रकान्यात हेमांगी गावस असं लिहिलं होतं. वयाच्या रकान्यात सत्तर.

"वयाची अट अठ्ठावीसची आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. शिथिल करायचा अधिकार तुमचा."

"तुमची आधीची पदवी या फेरीशिवाय मिळायची नाही. आणि ही मिळेल ती दुसऱ्याला, तुम्ही नसताना. मग गावस, यात तुम्हाला काय मिळणार?"

"पाच वर्षं," हेमांगी म्हणाली. "बाराही महिने."

साबळेंनी पेन उचललं.